पाच ठिपके

अण्णा, गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी, इथे देवासला आमच्या छतावर, माझा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. साडेनऊ झाले असतील. पिवळ्या जास्वंदीचा पराग चिमट्यात धरून मी शेजारच्या गमल्यातल्या गुलाबी फुलावर वाकले होते. फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाला ते पाच लाल ठिपके असतात ना, त्यांतल्या दोहोंना पराग लागला आणि तिसऱ्यापाशी चिमटा ठरेना. पिवळी भुकटी पाकळीवर सांडली. आधी वाटलं वारा आहे. मग वाटलं सकाळी चहाबरोबर काही खाल्लं नाही म्हणून असेल. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, तरी अंगठा तर्जनीवर घासत राहिला, बोटात बी धरून चोळावं तसा. ही हालचाल मी ओळखते. शेजारच्या छतावर वाळवण घालणाऱ्या भाभी म्हणाल्या, या वेळी फूल बढ़िया आए हैं. मी हो म्हटलं आणि हात पदराखाली घेतला. नंतर ध्यानात आलं, तुम्हीही असाच हात धोतराच्या सोग्यात धरायचात.

तुम्हाला पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं होतं. मला पंचेचाळिसावं लागलं तेव्हा वर्षभर मी रोज सकाळी दोन्ही हात पसरून बघत असे. ते वर्ष सरलं, मग पन्नाशी गेली, आणि मी मनात म्हणाले, सुटले. आता छप्पन्न चालू आहे. भीती गेली असं समजून मी तिच्याकडे पाठ केली होती, एवढंच.

धारचं आपलं भाड्याचं घर आठवतं. खाली घरमालक, वर आपण, आणि त्याच्याही वर छत, तिथे तुमचे तुपाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. आई म्हणायची, लोक डब्यात तूप ठेवतात, आमच्याकडे माती. पुण्याच्या मावशीकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काड्या तुम्ही देशी जास्वंदीवर कलम करायचात. चतुर्थीला आई परडी घेऊन वर आली की भांडण ठरलेलं. तिला गणपतीला फुलं हवीत, तुम्हाला फळ धरायला. शेवटी तुम्ही अंगणातलं लाल झाड तिला दिलंत. "ते देवाचं. वरची माझी," म्हणालात. देवानं रागावू नये म्हणून आईनं त्या दिवशी दूर्वा जास्त वाहिल्या.

दफ्तरात तुम्ही नकाशे काढायचात. पुलांचे, सडकांचे, शाईनं, पट्टी न लावता सरळ रेघ. लोक ती बघायला टेबलापाशी यायचे, असं आई मोठ्या कौतुकानं सांगायची. मग एक दिवस छतावर तुम्ही मला हाक मारलीत. मी अकरा वर्षांची. "तुझा हात दे जरा," म्हणालात, इतक्या साध्या आवाजात, जणू पाण्याचा तांब्या मागताय. नकाशाच्या पेटीतला चिमटा तुम्ही माझ्या बोटांत बसवलात आणि कुठे टेकवायचं ते सांगत गेलात. मी भराभर पाचही ठिपके पिवळे करून हसत वर पाहिलं, तर तुमचा चेहरा कडक झालेला. म्हणालात, "फूल एकच दिवसाचं असतं म्हणून आपण पळायचं नाही. त्याला जेवढा वेळ आहे तेवढा द्यायचा." दहा मिनिटं मला नुसतं त्या फुलासमोर बसवून ठेवलंत. मी रडवेली झाले होते. पण त्या दहा मिनिटांत मला पहिल्यांदा दिसलं की पाकळीचा रंग कडेपासून आत येताना तीनदा बदलतो. मग तुम्ही देठाला पांढरा दोरा बांधायला सांगितलात आणि तो चिमटा मला देऊन टाकलात. मी त्याला बक्षीस समजले. तुम्हाला तो आता धरता येत नव्हता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

दोरा बांधलेल्यांपैकी बहुतेक देठ गळून पडायचे. दोन महिने हिरवं बोंड टिकलं, पिकून तडकलं, बी रुजलं, रोप जगलं, तर दीड वर्षानं एक फूल. आणि ते बहुधा आईबापापेक्षा उणंच. पण एक आलं. विटकरी, कडेला हळदीची रेघ, आणि पोटात राखाडी जांभळा डाग. तुम्ही सकाळपासून त्याच्याजवळ बसलात आणि दफ्तरात उशिरा गेलात. आयुष्यात एकदाच.

देवासच्या फुलांच्या प्रदर्शनात ते न्यायचं ठरलं. तोवर तुमच्या रेघा वाकड्या होऊ लागल्या होत्या आणि तुमची बदली कुक्षीला, आवक-जावकच्या टेबलावर, झाली होती. शनिवारी रात्री तुम्ही आलात, रविवारी पहाटे टपोरी कळी खुडून आईच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवलीत. मी तेरा वर्षांची, नवी फ्रॉक घालून निघाले. इंदौरच्या बसअड्ड्यावर गाडी बदलताना तुम्ही झाकण उघडलंत आणि फूल उमललेलं. पूर्ण. शेजारचा केळीवालासुद्धा वाकून बघत होता, म्हणाला, काय भिया, असली है क्या? तुम्ही हसलात. तुमचं ते हसू मला अजून तसंच्या तसं दिसतं.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. प्रदर्शनाच्या टेबलावर अर्ज भरायचा होता. तुम्ही पेन घेतलंत, मागे रांग होती, आणि माणसं बघायला लागली की तुमचा हात जास्त हलायचा. पेन पडलं. ते उचलताना कोपर लागून कोणाच्या तरी गुलाबांचं भांडं उलटलं, पाणी अर्जांवर गेलं. टेबलामागचा माणूस मोठ्यानं म्हणाला, सुबह-सुबह चढ़ा के आ गए. चारदोन लोक हसले. तुम्ही काहीतरी सांगत होतात, पण घाबरलात की तुमचे शब्द एकमेकांत अडकायचे, त्यामुळे ते आणखीच प्यायल्यासारखं वाटलं. मी चार पावलांवर उभी होते. माझ्याजवळच्या बाईंनी विचारलं, बेटा, तुम्हारे पापा हैं क्या? मी म्हणाले, "नहीं."

तुम्ही मान वळवून पाहिलंत. ऐकलंत की नाही, ते मला आजतागायत ठाऊक नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही डबा माझ्या मांडीवर दिलात, म्हणालात, "तू धर, माझ्या हातात पाकळी फाटेल," आणि सरदारपूरकडच्या कोणा ओळखीच्या माणसाशी गव्हाच्या गोष्टी करत बसलात. धार येईपर्यंत फूल मिटलं होतं.

त्यानंतरची दहा वर्षं मी पायरी पायरीनं पाहिली आहेत. आधी सदऱ्याची बटणं. मग दाढी. मग दारातून आत येताना उंबऱ्याशी पाय चिकटणं, अन् मागून आईचं "उचला, पाऊल उचला." चेहऱ्यावरचं हसू गेलं, तेव्हा पाहुण्यांना वाटायचं तुम्ही रागावलात. शेवटी घोट गिळणं. मला वाट माहीत आहे, अण्णा, तिचं प्रत्येक वळण माहीत आहे, आणि भीती त्याचीच आहे. ज्याला माहीत नसतं तो निदान पुढच्या वळणापर्यंत निवांत चालतो. त्या सोमवारपासून मी रोज बाथरूममध्ये कडी लावून ब्लाउजचे हूक लावायला किती वेळ लागतो ते बघते. कप भरून चहा घेत नाही. शाळेत फळ्यावर लिहायचं असलं की मुलींपैकी कोणालातरी उभी करते. यजमान विचारतात, इतकी गप्प का? मी म्हणते, पेपर तपासायचेत.

मी इंदौरला डॉक्टरांकडे एकटीच गेले. घरी सांगितलं, शाळेचं काम आहे. डॉक्टर तरुण होते, सभ्य. त्यांनी मला चालवलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल काढायला सांगितलं. मग विचारलं, घर में किसी को था? माता-पिता को? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नाही, कोणालाच नाही.

बाहेर येऊन मी बाकावर बसले. औषधाची चिठ्ठी हातात, चिठ्ठी थरथरतेय. तेव्हा तुम्हाला बाईंसमोर नाकारलं ते तेरा वर्षांच्या पोरीनं, लाजेनं. आता छप्पन्नाव्या वर्षी, तुम्ही जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर, बंद खोलीत, ज्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसासमोर, का? होतं म्हटलं असतं तर ते माझ्यात खरं झालं असतं, म्हणून. पुढचा रोगी आत गेला, बाहेर आला. मी दार ढकलून परत आत गेले. उभ्या उभ्याच सांगितलं, "माझ्या वडिलांना होता. कंपवात. मी खोटं बोलले." डॉक्टरांनी आधीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, बसा. सुरुवात आहे, तुमच्या वडिलांच्या काळापेक्षा आज औषधं बरी आहेत, बरीच वर्षं हाती आहेत. मी विचारलं, किती? ते म्हणाले, ते कोणी सांगू शकत नाही.

घरी खरं सांगितलं. यजमानांनी उठून कुकर लावला, जो त्यांनी कधी लावला नव्हता, आणि शिट्ट्या मोजत उभे राहिले. मुलगी भोपाळला नोकरी करते, ती रविवारी आली. सत्तावीस वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला तेव्हा बशी वाजली, आणि ती पटकन खिडकीबाहेर बघायला लागली. ते बघणं मला लागलं. मी तिला छतावर नेलं. त्या सकाळी एक नारिंगी फूल उघडलं होतं, ताटलीएवढं, मध्यभागी गडद किरमिजी, आणि ऊन पाकळ्यांतून आरपार येत होतं. दोघी बघत बसलो. एवढ्या सगळ्यातही ते फूल सुंदर होतं, हे मला तुम्हाला सांगायचंच होतं. मी डाव्या हातानं पराग लावायला शिकते आहे. पाचांतले तीन ठिपके साधतात.

तिनं फुलावरची नजर न काढता विचारलं, "आई, मला पण होईल का? सच सच सांग."

अण्णा, हाच प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नाही. विचारला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं, याचा मी या आठवड्यात फार विचार केला. मुलीबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते, बहुतेक नाही, पण खात्री देता येत नाही. मी तिला म्हणाले, डॉक्टरांनी साफ सांगितलंय, तुला होणार नाही. तिनं माझा हात धरला, हलणाराच, आणि संध्याकाळच्या गाडीनं हलक्या मनानं परत गेली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. ते माझ्या कपाटात राहील. ती हिंदी शाळेत शिकली, मराठी बोलते, पण लिपी तीच असली तरी माझ्या आता वाकड्या झालेल्या अक्षरातलं मराठी तिला वाचता येत नाही. म्हणून मी हे मराठीत लिहिलं.