लाल हाय ना?

प्रिय दादूस,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तुला फोन लावला की आई शेजारी येऊन बसते, आणि हल्ली तिचे कान फार तिखट झालेत. पत्र तिच्याबद्दलच आहे. मला भीती वाटतेय.

कॉलेजच्या प्रकल्पाचं तुला सांगितलं होतं, मासे विकणाऱ्या बायकांचं आरोग्य. आधी प्रश्नावली. गव्हाणातून चाळीस फॉर्म भरून आणले. दिसायला त्रास होतो का? नाय. चक्कर येते का? नाय. चाळीसच्या चाळीस ठणठणीत. मॅडम हसल्या. जमिनीची मोजणी होऊन शेतं गेली तेव्हापासून आपल्याकडे कागद घेऊन आलेल्याला 'नाय'च सांगायचं असतं, हे मी गावचीच असून विसरले. त्यांतला एक फॉर्म आईचा होता.

मग मुलाखत. प्रश्नावली पुष्कळांना थोडं थोडं विचारते, मुलाखतीत एकीलाच खोलात विचारायचं. कागद पिशवीत टाकला आणि चहा घेऊन बसले. आई दोन तास बोलली. बाबांची होडी, तुझं बारसं, मोरा बंदराच्या धक्क्यावरची भांडणं. डोळ्यांचा विषय निघाला की मात्र तुझ्या लग्नावर घसरायची.

राहिलं निरीक्षण. त्यात विचारायचं नाही, नुसतं बघायचं. सुकापूरच्या नाक्यावर तिच्या पाटीमागे बसले. गिऱ्हाईक आलं की ती ताजेपणा दाखवायला माशाचा कल्ला उघडून पुढे धरते आणि म्हणते, "तूच बग गो, लाल हाय ना?" बायका खूश, या मावशीकडे लबाडी नाही म्हणतात. मलाही कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी एकीने कल्ला काळा पडलाय म्हटलं, तेव्हा आईने मासा गुपचूप नाकाला लावला. तिला लाल-काळं दिसतच नव्हतं रे. मी बघतेय हे कळल्यावर ती सावध झाली, नीट दिसतं हे दाखवायला पाटी उचलून भराभर चालायला लागली, आणि डंपरसमोर गेली. मी पदर ओढला म्हणून वाचली.

माझ्या चष्म्याचं निमित्त काढून तिला डॉक्टरकडे नेलं. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. महिन्याभरात इंजेक्शनं सुरू केली नाहीत तर उरलेली नजरही जाईल, म्हणाले. आई म्हणते, माझा प्रणित आल्यावर बगू, म्हणजे तू आल्यावर. आणि तुला कळवू देत नाही, कांडल्याची नोकरी टाकून येशील म्हणून.

रविवारी तू विचारलंस, आई बरी ना? मी बरी म्हटलं. तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं, तुझीच शपथ घालून. तुझा फोनसुद्धा प्रश्नावलीच आहे दादूस, आणि आपण सगळे गव्हाणचे. आज शपथ मोडतेय. तू ये. आल्यावर काही विचारू नकोस. दारात गप्प उभा राहा, आणि कोण आलंय म्हणून ती विचारते का, ते बघ.

तुझीच,
मनस्वी