खोटी गाठ

तारापूर,
ता. ९ मार्च १९६७

ती. मैनाक्कास,

इंदूचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ह्यांचं वीजकेंद्राच्या बांधकामावरचं काम चालू आहे. खाऱ्या हवेनं माझं शिलाई मशीन गंजतंय. माझी वत्सला सासरी रमली. तुझे हात कसे आहेत, हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारते.

सोबत चोळी पाठवतेय, तुझ्या आवडत्या डाळिंबी खणाची. समोरची गाठ सोडायला जाऊ नकोस. ती खोटी आहे, शिवूनच टाकलीय. चोळी उघडते डाव्या अंगाला, पदराखाली. तिथं करवंटीची मोठी बटणं आणि सैल फासे आहेत. तळहातानं ढकललं की लागतात, बोटं वाकवायला नकोत.

दातिवऱ्याची एक कोळीण, लाडकी नावाची, इथं सुकी मासळी विकायला येते. टोपली वाहून तिचा खांदा गेलाय. आधी तिच्यासाठी बिनगाठीची शिवली, तर बाई रुसली. "बाय, गाट नाय ती चोली कसली? खांदा दुकतो, हौस नाय दुकत!" मग गाठ परत आणली.

अक्का, वत्सलाच्या लग्नात तू आहेराची चोळी गाठ न मारता, पदराखाली झाकून आलीस. मी चारचौघींत तुझा पदर ओढला, गाठ करकचून आवळली आणि म्हणाले, "पुरे झाली सोंगं, सोंगाडी कुठली!" तू न जेवता गेलीस. त्याला तीन वर्षं झाली. तुझ्या बोटांना गाठ मारता येत नव्हती, एवढं साधं मला कळलं नाही गं.

आता कळलं. दिवाळीपासून माझी बोटं सकाळी मिटतच नाहीत. पूर्वी दिवसाला दोन चोळ्या व्हायच्या, ह्या एकीला दीड महिना लागला. टाके वाकडे आहेत, हसू नकोस. परवा ह्यांना म्हटलं, जरा गाठ मारून द्या. तर म्हणाले, "सोंगं करू नकोस." मी मोरीत जाऊन रडले. दुखण्यापेक्षा तो शब्द लागला. तो मीच तुला दिला होता.

यापुढे शिवणं होईलसं वाटत नाही. ही शेवटची तुझी. घालशील ना? घातलीस तर कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून पाठव. आणि सोंग करायचं ते आता ती गाठ करील, तू नको करूस.

तुझी,
सोंगाडी इंदू