अर्धं वाक्य

लेवुका,
शनिवार

प्रिय लावे,

तुझं पत्र बुधवारच्या बोटीनं आलं. उत्तर लिहायला लगेच बसले, पण आज चौथा दिवस, आणि अजून पहिलंच पान चाललंय. अक्षरं माझ्यापुढे अजूनही नाचतात, फक्त आता त्यांना दटावून एका जागी बसवता येतं. सुनेनं दोनदा विचारलं, "आई, तुम्ही सांगा ना, मी लिहून देते, अर्ध्या तासात होईल." मी तिला दालोचे कंद सोलायला पाठवलं. हे दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही.

इथे सगळे बरे आहेत. वादळात उडालेलं वाचनालयाचं छप्पर परत घातलं, या वेळी लाल रंगाचं. तिथल्या हेटीबाई गेल्या ते तुला कळलंच असेल. शेवटी-शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. पण मी गेले की म्हणायच्या, "ती तीन पुस्तकंवाली कुठाय?" मी सांगायचे, "कांदावू बेटावर असते, शाळेत शिकवते." "मग पुस्तकं कोण परत करणार?" असं म्हणून रागावायच्या.

तीन पुस्तकंवाली! दर शनिवारी तू समुद्रकाठच्या रस्त्यानं तीन पुस्तकं छातीशी धरून यायचीस, एक देवाचं, एक शास्त्रज्ञांचं आणि एक गोष्टींचं. हेटीबाई म्हणायच्या, "अगं, एका पोटात तीन जेवणं कशी मावतात तुझ्या?" आणि तू अगदी गंभीरपणे सांगायचीस, "बाई, भूकच तीन प्रकारची लागते." मग आपण नीरफणसाखाली बसायचो. मी चटई विणायचे, तू मोठ्यानं वाचायचीस. शाळेत मला ढ म्हणत. 'केताला पुस्तक उलटं दिलं तरी तिला कळणार नाही,' असं मुलं ओरडायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. पण त्या झाडाखाली मी कुणापेक्षा कमी नव्हते. प्रवाळ म्हणजे दगड नसून जिवंत किडे असतात, हे शाळेतल्या पहिल्या नंबराच्या मुलीच्याही आधी मला माहीत होतं.

आणि काय काय मतं असायची तुझी! एका संताचं चरित्र तू अर्ध्यावर ठेवलंस. मी विचारलं, का गं? तर म्हणालीस, "याला कधी भूकच लागत नाही, राग येत नाही. देवाला याच्यासाठी काही करावंच लागलं नसेल." गांडुळांवरचं पुस्तक मात्र दोनदा वाचलंस आणि त्या आठवड्यात जेवणाआधीच्या प्रार्थनेत गांडुळांचेही आभार मानलेस. तुझे वडील, इसोआकाका, डोळे मिटूनच हसले होते. आणि ती दीपगृहात राहून चोर पकडणारी विधवा! तिची गोष्ट तू ऐन रंगात आली की मिटायचीस. "आता उरलेली पुढच्या शनिवारी." मी चिडून चटईची पट्टी तुझ्या अंगावर फेकायचे. रविवारी फक्त पवित्र शास्त्र उघडायची परवानगी होती, तर तू त्यातही शोधून-शोधून लढाया आणि जहाजं फुटल्याचे भाग मला वाचून दाखवायचीस.

रविवारच्या शाळेतला तो दिवस तुला आठवत असेल. पाळक अपाकुकी देवानं सहा दिवसांत पृथ्वी कशी केली ते सांगत होते. तू हात वर केलास. "पाळकसाहेब, आपली लोवोनीची दरी म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे, असं पुस्तकात आहे. मग तो देवानं कितव्या दिवशी पेटवला?" पोरं खोखो हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. "बस खाली, लावेनिया," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले. मला आज वाटतं, ते वाईट नव्हते. त्यांना भीती वाटत होती. इतकी वर्षं लोक त्यांना दोषी धरत आले, तूही धरलंस, म्हणून हे लिहिते आहे.

त्याच वर्षी सुव्याजवळच्या मुलींच्या मोठ्या शाळेत आपल्या चर्चच्या मंडळीतर्फे एका मुलीला पाठवायचं ठरलं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं. तुझंच नाव ठरणार हे कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. तुझी आई कमरेला गुंडाळायचा नवा सुलू शिवायला बसली होती. आणि तू झाडाखाली उड्या मारत होतीस, "केता, तिथे वाचनालयाला दोन मजले आहेत, दोन!" माझ्या हातातली चटई त्या दिवशी वाकडी झाली. मला एवढंच दिसत होतं, की यापुढे दर शनिवारी झाडाखाली मी एकटी असेन आणि विधवेनं चोर पकडला का, हे मला कधीच कळणार नाही.

चार दिवसांनी उपासनेनंतर मी मंडळीच्या जेवणाच्या चुलीपाशी झाकणाची पानं गोळा करत होते. पाळकसाहेब जवळ आले. "मकेरेता, तू तिची मैत्रीण. खरं सांग. एवढी पुस्तकं वाचून त्या मुलीचा विश्वास डळमळला तर नाही ना? ती पवित्र शास्त्राबद्दल काय म्हणते?"

लावे, तू काय म्हणाली होतीस ते मला पाठ होतं. आदल्याच दिवशी म्हणाली होतीस, "पवित्र शास्त्र पण एक गोष्टच आहे गं, पण खरी, आणि अजून संपलेली नाही, आपण तिच्या मधल्या पानावर आहोत." ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, "ती म्हणते, पवित्र शास्त्र पण एक गोष्टच आहे." आणि थांबले.

त्यांनी विचारलं, "आणखी काही म्हणाली?"

मी म्हणाले, "नाही."

पुढचं तुला माहीत आहे. शाळेत गेली दुसरीच मुलगी. तुझ्या आईला मंडळीच्या स्वयंपाकघरात कुणी तरी म्हणालं, "पोरीला वाचायला सोडलंत, आता भोगा." इसोआकाका कुणाशी भांडले नाहीत. सहा आठवड्यांत त्यांनी घर बंद केलं आणि सगळ्यांना घेऊन कांदावूला तुझ्या आजीकडे निघाले. तू जाऊ नयेस म्हणून मी ते बोलले होते, आणि धक्क्यावर उभी राहून तुलाच निरोप देत होते. तू मला मिठी मारलीस. रडताना मला हुंदका आवरेना, तर तूच माझी समजूत काढलीस, "वेडे, गोष्ट मी लिहून पाठवीन."

आणि पाठवलीस. दर महिन्याला एक भाग, मोठ्या-मोठ्या अक्षरांत, दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडून. तुला कुणी सांगितलं होतं, की जागा सोडली की अक्षरं माझ्यापुढे कमी नाचतात? आईला वाचून दाखव म्हणायला मला लाज वाटायची, म्हणून मी बोट ठेवून एकेक शब्द फोडत गेले. त्या विधवेनं चोर पकडला तेव्हा मला वाचता येत होतं. सतरा वर्षांची होते मी. आज मी हे लिहू शकते आहे ते तुझ्यामुळे, आणि लिहिते आहे काय, तर हे.

तू शिक्षिका व्हायला दहा वर्षं उशीर झाला. त्या दहा वर्षांत तू नारळ फोडलेस, आजीचं केलंस, धाकट्या भावंडांना वाढवलंस. प्रत्येक पत्राच्या वेळी मला वाटायचं, आता खरं लिहावं. मग तू लिहायचीस, "केता, माझी एकच मैत्रीण तू," आणि मी कागद घडी करून ठेवायचे.

आता तू लिहितेस, की पाळक होण्यासाठी तुझं नाव पुढे गेलं आहे. सुव्यात समिती बसली आहे, आणि कुणी तरी जुनी वही काढली, तिच्यात पाळक अपाकुकींच्या अक्षरात तुझ्या नावापुढे एक ओळ आहे. 'पवित्र शास्त्राला गोष्ट समजते.' समितीला त्या वेळचं कुणी तरी हवं आहे. तू लिहिलंस, "म्हाताऱ्यानं कुठून ऐकलं देव जाणे. तू सतत माझ्याजवळ होतीस, तूच येऊन सांग ना." लावे, मी येते आहे. गुरुवारच्या बोटीचं तिकीट काढलं आहे. सगळं वाक्य सांगेन, आणि अर्धं कुणी सांगितलं होतं तेही सांगेन. पण ते समितीच्या तोंडून तुला कळावं, हे मला बरं वाटेना, म्हणून हे पत्र आधीच्या बोटीनं पाठवते. तू सुव्याच्या धक्क्यावर घ्यायला येणार म्हणून लिहिलं आहेस. हे वाचून नाही आलीस तरी चालेल. तुझ्या पाकिटावर तिथला पत्ता आहे, आता मला वाचता येतो. मी विचारत-विचारत पोचेन.

तुझीच,
केता