पंटरचं स्थळ

अर्विंग, टेक्सस
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. देवयानीस, अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून तक्रार लेखी करतो. काल तुझ्या मुलापायी माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. भाच्याची अमेरिकन फुटबॉलची मॅच म्हणून टीव्हीसमोर तीन तास मांडी घालून बसलो, आणि आर्य मैदानात आला शिंकेपुरता! टीमचे सगळे उपाय थकले की याला बोलवायचं, याने बॉलला लाथ मारून तो लांब शत्रूच्या मुलखात धाडायचा, की परत बाकावर. याला इथे पंटर म्हणतात. सुटत नाही ते लांब ढकलायचं काम मीही ऑफिसात वर्षानुवर्षं करतोय. मला कुणी टीव्हीवर दाखवत नाही.

बाकी आनंद. सावनीच्या आजोबांचा, राजारामकाकांचा, श्रूजबरीहून फोन होता. होणारा नातजावई काय करतो, विचारत होते. मी अभिमानाने सांगितलं, पंटर आहे, गावात मोठं नाव आहे. त्यांनी फोनच ठेवला. भारावले असावेत.

लोभ असू दे, चकल्याही असू देत.

तुझा,
मनोहरदादा

ट्रॉय, मिशिगन
१३ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून केलाय. अरे, राजारामकाका मुंबई पोलिसात इन्स्पेक्टर होते! त्यांच्या लेखी पंटर म्हणजे कुठल्यातरी भाईच्या मागे फिरून वसुली करणारा पोरगा. वर तुझं ते मोठं नाव! त्यांनी सावनीला विचारलं, याची गँग कुठली. तिला हसू आवरेना, तर म्हणाले, पोरगी पार नादी लागली. मग आर्यने स्वतः फोन करून त्याच्या त्या मराठीत सांगितलं, की आजोबा, डोन्ट वरी, मी फक्त लाथ मारतो, पैसे टीम देते.

आता साखरपुडा अडलाय. सावनीला आजोबांनीच वाढवलंय. ते हो म्हणेपर्यंत अंगठी घालणार नाही म्हणते. आर्यने परवा प्रॅक्टिसला बॉल सोडून हवेत लाथ मारली. असंच चाललं तर टीमही काढेल त्याला. मुकाट्याने श्रूजबरीला जा आणि निस्तर.

लोभ आहे, पण हे निस्तरल्यावर दिसेल.

देवयानी

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२२ सप्टेंबर

चि. सौ. देवयानीस, अ. उ. आ.

काकांनी दारातच नाव, पत्ता आणि येण्याचं कारण विचारलं, मग चहा टाकला. काल मॅच लावली. नियम समजावताना माझंच मराठी संपलं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, बॉल आपल्या हद्दीत ठेवणं धोक्याचं, म्हणून याने तो इतका लांब घालवायचा की परत यायला त्याला वेळ लागावा. मग ही तर तडीपारी! मी ताबडतोब हो म्हटलं.

तेवढ्यात आर्य मैदानात आला. दोन दांडगे अंगावर धावून येत होते, पण पोराची नजर बॉलवरून हलली नाही. बॉल पार त्यांच्या गोलरेषेपाशी जाऊन निपचित पडला. काका उभेच राहिले. सगळ्यांचं फसल्यावर शांतपणे पुढे होणारा माणूस आपल्या सावनीला बरा, असं काहीसं पुटपुटले.

रात्री मला आर्यचा नंबर लावायला सांगितला. त्याला विचारलं, दसऱ्याला सुट्टी असते का. नसते म्हणाला. मग आम्हीच येतो, म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले. दोन दिवस मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो. त्यांचं लक्ष नाही असं बघून सिंकमधले कप घासले, पातेलंही, आणि पालथं घालून ठेवलं.

लोभ करत राहा.

तुझा,
मनोहरदादा