थडग्यावरचे डावे हात

रोम, ३ नोव्हेंबर १७६१
आजपासून आळस बंद. आप्पिया रस्त्यावरची जुनी थडगी तांब्यावर कोरून छापायची. ईस्टरपर्यंत युरोपभर आपलं नाव. पहिलं थडगं नवरा-बायकोचं. दोघांनी एकमेकांचा उजवा हात धरलाय. उजवा हात म्हणजे मेल्यावरही न सुटणारं वचन. हे हल्ली कळतं कुणाला? मला.

९ नोव्हेंबर
एर्सिलिया खोकते. बायको अशी खोकत राहिली की रेघ हलते. प्लेट ॲसिडमध्ये असताना पिसानं बुडबुडे झटकायला तीच बसते. माझे डोळे नाजूक, त्या वाफेनं चुरचुरतात. खिडकी उघडू का म्हणाली. नको म्हटलं, दुसऱ्या प्लेटवर कोरण्याआधी लावलेलं मेण अजून ओलं आहे, धूळ बसेल. ऐकलं बिचारीनं.

१४ नोव्हेंबर
शेजारच्या नुन्त्सियाताबाई सूप घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "घरातली बाई मरायला टेकलीय, आणि तू थडगी कसली काढतोस रे?" कलेतलं ओ की ठो कळत नाही. वैद्याला उद्या नक्की.

१५ नोव्हेंबर
पाऊस. वैद्य उद्या.

२० नोव्हेंबर
पहिला छापा! छापखानेवाले गास्पारे बघतच राहिले. मग म्हणाले, "अहो, यांनी डावे हात धरलेत." छापताना चित्र उलटं येतं, म्हणून तांब्यावर उलटं कोरायचं. मला काय ठाऊक नाही? गडबडीत राहिलं. एर्सिलियाला सांगितलं, पुन्हा ॲसिडपाशी बसावं लागेल. हो म्हणाली. पण तिला उठवेना. मला आधी वाटलं, नाटक.

२२ नोव्हेंबर
वैद्य आला. खिडकी कधीपासून बंद आहे, विचारलं. थंडी आहे ना, म्हटलं. पाद्र्याला बोलवा म्हणाला. घाबरट माणूस. नाताळात एर्सिलिया ठणठणीत असेल. नवी प्लेट सुरू केली, तिच्या उशाशी बसूनच. आणखी काय करायचं माणसानं?

२३ नोव्हेंबर
सकाळी तिनं हात पुढे केला. उजव्याची बोटं ॲसिडनं सोललेली, म्हणून डावा. माझ्या उजव्या हातात कोरायची सुई होती, म्हणून मीही डावाच दिला. "ठेवा ना ती आता," म्हणाली. एवढी रेघ संपवतो, म्हटलं.
रेघ छान आली. तिचा हात गार झाला होता.
खिडकी उघडली. रडू आवरत नाही.
गास्पारेंना निरोप धाडला. पहिला छापाच बरोबर आहे, तसाच राहू दे.