चॅसीच्या पोटातला गंज

४ नोव्हेंबर
मेव्हणा आला! सासरे गेल्यापासून माझ्याशी बोलत नव्हता. कारण काय, तर सासऱ्यांची जुनी गाडी. तो म्हणे, मुलगा मी. मी म्हणे, गाडी उभी माझ्या गॅरेजात. शेवटी हिनेच दोघांना दम भरला — "मिळून तिचा गंज काढा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते." बायको माझी, बहीण त्याची. तोंड उघडायची कुणाची टाप!

५ नोव्हेंबर
वरून गाडी चकाचक. खाली शिरून चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हातोडीने ठोकत गेलो. टण, टण, टण — आणि मागच्या चाकाजवळ भद्द! चॅसीचे दोन्ही लांब दांडे आतून पोकळ. पाणी निघून जायची भोकं चिखलाने बुजलेली. आत किती वर्षं मुरतंय कोण जाणे.
मी विमा कंपनीचा नुकसान तपासनीस. लपलेलं नुकसान हुडकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. मेव्हण्याला तसं ऐकवलं.
"गाडी इतकी वर्षं तुमच्याच गॅरेजात होती ना, भाऊजी?"
खवचट!

८ नोव्हेंबर
तारेने भोकं मोकळी केली. चिखल, गंजाचे पापुद्रे, एक वाळकी पाल. मग आत पाण्याचा मारा. मेव्हणा नखशिखांत भिजला. कामाचा दिवस चांगला गेला.

९ नोव्हेंबर
वाळतंय. अबोला.

१२ नोव्हेंबर
वेल्डरने तो भद्द वाजणारा तुकडा कापून नवा पत्रा जोडला. बाकीचा दांडा मेव्हण्याला सगळाच कापायचा होता. मी म्हटलं, धातू अजून जाड आहे, फक्त वर गंज धरलाय. नळदुरुस्तीवाल्याकडून तारेचा कॅमेरा आणला, आत सोडला. मोबाइलवर लालभडक गुहा! दोघं डोक्याला डोकं लावून बघत बसलो. भांडण सुरू आहे हे मध्येच विसरायला झालं.

१४ नोव्हेंबर
आत गंज मारायचं औषध फवारलं. लाल होतं ते काळं पडलं. मेव्हणा म्हणाला, "बरं झालं कापलं नाही." मी न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे तो परत म्हणेल. म्हणाला.

१७ नोव्हेंबर
गंज परत धरू नये म्हणून आज आत मेणाचा फवारा. लांब नळी, टोकाला चहूबाजूंनी उडवणारी तोटी. नळी मी मागून सारतोय, मेव्हणा पुढच्या भोकाशी डोळा लावून.
"आलं का?"
"नाही."
"आता?"
"नाही हो!"
मी पंप दाबतच राहिलो. आणि मग — "आलं! भाऊजी, थांबा! मिशीत आलं!"
गाडीखाली आडवे पडून दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. ही चहा घेऊन आली. विचारलं, "आता लांबच्या चढाला टिकेल ना?" मी तिला नीट समजावलं — मेण कसं पसरतं, कोपऱ्यात कसं शिरतं, भोकांवर रबरी बुचं का बसवू नयेत. चहा गार झाला. ती म्हणाली, "टिकेल की नाही, एवढंच विचारलं."
टिकेल म्हटलं.

२० नोव्हेंबर
गाडी जॅकवरून उतरली. आधी कोण चालवणार यावरून पुन्हा जुंपली. बोलता बोलता मेव्हणा म्हणाला, "खरं तर ही गाडी चालवायची ताई. बाबा शेजारी बसून डुलक्या काढायचे."
मी उडालोच! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी नोकरीला लागली, आणि मला हे आज कळतंय? आत जाऊन हिला विचारलं.
"कधी सांगितलं नाहीस?"
"आपण कुठे जायचं हे तुम्ही ठरवायचात, आणि जायचात तुम्हीच." भाजी चिरतच होती.
उत्तर थोडं विसंगत वाटलं. दमली असेल.

२२ नोव्हेंबर
सकाळी गॅरेज रिकामं. मला वाटलं मेव्हण्याने डाव साधला. फोनवर वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "ताईला फोन करा."
केला. ती घाट चढून वर पोहोचली होती. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही म्हणे. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षकाची नोकरी घेतलीय. सोमवारपासून. राहायला खोली आहे.
"मला सांगायचं तरी!"
"दोनदा सांगितलं. तुम्ही गाडीखाली होतात."