सुट्टीवर गेलेलं पाणी

साहेब, तुमचे गुडघे आता कसे आहेत? पोलंडातल्या बहिणीचा खोकला थांबला का? आणि दारातली ती लंगडी कुत्री? एव्हाना सगळे तिकडे वरच जमले असाल, म्हणून विचारतो. आमची ही बरी आहे, फक्त कमी ऐकते.

महायुद्धात लहानपणीच तुमचा देश सुटला. रायपुरात शाळेत चित्रकला शिकवून उरलेला सगळा वेळ तुम्ही माळ, नाले, तलाव काढण्यात घातला. माणूस कधी काढला नाही. मी स्टेशनच्या पाट्या रंगवणारा. सावली काळी नसते, हे तुम्हीच दाखवलंत. गुढियारीपलीकडचा तलाव त्या मे महिन्यात पार आटलेला, मधोमध ढोरं चरत होती, आणि तुम्ही काठावर स्टूल टाकून कॅनव्हासभर पाणी काढून राहिले होते. मी हसलो, "साहेब, पानी कहाँ है?" तुम्ही काठच्या कौह्याच्या झाडाच्या खोडावरची, पाणी चढायचं तिथवरची गाळाची रेघ बोटाने दाखवली. "छुट्टी पे गया है." तुमच्या गावची नदीही अशीच जायची म्हणालात, एकदा परतली ती शेजारचं घर घेऊनच गेली. ते चित्र तुम्ही मला दिलंत. मी पेटीत जपून ठेवलं.

पोराच्या जन्माआधीच तलाव बुजला, कौहा तुटला. पुढे तिथे प्लॉट पडले. पोरगा पुण्याला जायचं म्हणत होता, पण हा प्लॉट त्याच्या मनात भरला. "बाबा, इथं आधी काय होतं? साहेबांच्या चित्रात असंल, दाखवा ना." मी उद्या दाखवतो म्हटलं, आणि पाट्यांचा उरलेला ऑइलपेंट काढून सगळ्या पाण्यावर मातकट रंग फासला. तो जवळ राहावा, एवढंच डोक्यात होतं. चित्र पाहून म्हणाला, "मैदानच होतं की." मी मान हलवली. घर तिथंच बांधलं.

आता आठवडाभर पाऊस नाही, तरी खालच्या खोलीची भिंत ओली आहे. तिथेच झोपणारी नात म्हणते, "दादाजी, दीवार को पसीना आ रहा है." पोरगा म्हणतो, "वॉटरप्रूफिंग करून घेऊ, तुम्ही काहून घाबरून राहिले?" मी रोज सकाळी पेन्सिलीने खूण करतो. दुसऱ्या दिवशी ओल तिच्या वर गेलेली असते.

काल चित्रावरचा माझा रंग खरवडायला बसलो. त्याच्यासोबत तुमचं पाणी निघालं, आणि गाळाची रेघही.

पोराला अजून काही सांगितलेलं नाही. हा कागदही चित्राच्या मागेच खोचून ठेवीन. तरी साहेब, ती रेघ खोडावर किती उंच होती, तेवढं लवकर लिहून कळवा.